अकराची भूक

उस्तादने डब्याचं झाकण अर्धवट उघडलं, आतली अंडी बोटाने मोजली आणि झाकण पुन्हा दाबून लावलं. तीन अंडी, चीजचे चार तुकडे, लोण्यात परतलेली भाजी, मूठभर बदाम. साडेनऊ वाजले होते. न्याहारी होऊन जेमतेम दोन तास झाले होते आणि जेवायला अजून तीन तास होते. त्याने डबा सीटच्या मागे लोटून दिला, म्हणजे हात सहजी पोहोचू नये.

खांद्याजवळचा वॉकी-टॉकी खरखरला.

"उस्ताद, समोरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या किती दिसतात हो?"

उस्तादने काचेतून खाली पाहिलं. साठ मीटर खाली, सळयांच्या ढिगाजवळ, शिट्टीचं पिवळं हेल्मेट वर वळलेलं होतं.

"का? विकत घ्यायच्यात?"

"सहज विचारलं."

"चार. त्यातली एक फुटकी आहे."

"बरं. भारा बांधलाय. घ्या हळूच."

भारा उचलला, फिरवला, सातव्या मजल्यावर अलगद टेकवला. पण तो 'सहज' उस्तादच्या कानातून जाईना. अकरा वर्षं ही जोडी एकत्र होती. उस्ताद टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, शिट्टी जमिनीवर. वॉकी-टॉकी यायच्या आधी तो शिट्टी वाजवून इशारे द्यायचा, म्हणून हे नाव. ती शिट्टी अजूनही त्याच्या गळ्यात असायची. भिंतीपलीकडचं, स्लॅबच्या आडचं उस्तादला वरून दिसत नसे. तिथे शिट्टी सांगेल तसा तो माल न्यायचा. शिट्टी म्हणाला 'अजून एक वीत', की एकच वीत. आणि कामाखेरीज त्या यंत्रावर एक शब्द बोलायचा नाही, हा नियम शिट्टीनेच केलेला होता.

गेले तीन आठवडे मात्र त्याला भलत्याच चौकशा सुचत होत्या. परवा विचारलं, आज वार कुठला. काल विचारलं, तुमची धाकटी कितवीत आहे. तेही रोज साधारण एकाच सुमाराला, साडेनऊला एकदा आणि मग साडेदहा-अकराच्या दरम्यान दोन-तीनदा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुठे, ते उस्तादला ठाऊक होतं. शिट्टीच्या मेहुण्याने क्रेनचा परवाना नुकताच काढला होता. महिन्याभरापूर्वी शिट्टी त्याला साइटवर घेऊन आला, वर बोट करून काही-बाही दाखवत राहिला. त्यानंतरच्याच आठवड्यात एका सकाळी शिट्टीने अचानक ती जुनी शिट्टी काढून जोरजोरात फुंकली होती. खाली उतरल्यावर उस्तादने विचारलं, "आज हे काय नवीन?" तर म्हणाला, "जुनी सवय." मेहुणा पुन्हा आला असेल, त्याच्यासमोर मिरवायचं होतं, दुसरं काय. एका साइटवर क्रेन एकच आणि तिच्या केबिनमध्ये खुर्चीही एकच.

आणि ती खुर्ची डळमळतेय, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वर्षीच्या तपासणीत उस्तादची तीन महिन्यांची सरासरी साखर फार वर निघाली होती. साइटच्या इंजिनिअर मॅडमनी कागद पुढे ठेवून सांगितलं होतं, "यंदा समज देतेय. पुढच्या वर्षी हाच आकडा आला तर तुम्हाला गोदामात बसावं लागेल." गोदामात! तीस वर्षं पक्ष्यांच्या वर बसून काम केलेल्या माणसाने खिळ्यांचे खोके मोजायचे. तपासणीला आता वीस दिवस होते.

म्हणून हा कीटो आहार. दोन महिन्यांपूर्वी उस्तादने मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले आणि एका सोमवारी भात, पाव, बटाटा, साखर, फळं, सगळं बंद केलं. केबिनमधल्या गोळ्या-बिस्किटंसुद्धा वाटून टाकली. आकडे खरोखरच खाली आले. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तो बोट टोचून बघायचा आणि बायकोला मीटर असं दाखवायचा, जणू शर्यत जिंकून आलाय.

"डॉक्टरांना विचारलंत का?" बायको म्हणाली होती. "साखर उतरवायची गोळी तर तीच चालू आहे, दोन वेळा."

"विचारायचं काय त्यात? साखर उतरतेय ना?"

"उतरतेय. पण तुमचा पाराही सारखा चढलेला असतो."

खरं म्हणजे त्याला राग नव्हे, भूक यायची. जेवणाआधी लागते ती भूक त्याला चांगली माहीत होती. ही तशी नव्हती. पोटभर अंडी-चीज खाऊनही अकराच्या सुमाराला ती यायची आणि आत काहीतरी खरवडायला लागायची. मानेवर घाम सुटायचा, ओठांना मुंग्या यायच्या. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, भूक ही नुसती सवय असते, तिला हरवा. उस्ताद दात आवळून बसायचा आणि तासाभरात ती जायचीही. मग त्याला वाटायचं, आजही जिंकलो. पण अधूनमधून मनात पाल चुकचुके. इतकं खाऊन माणूस उपाशी कसा राहील? गेल्या आठवड्यात त्याने आम्लेट बोटांनी चुरून पाहिलं होतं, बायको त्यात पीठ तर कालवत नाही ना म्हणून. ती ओट्याशी उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती अंडी त्याच्या डोळ्यांदेखत फोडू लागली.

त्या दिवशी अकराला भूक आली आणि गेली. मधे शिट्टीने दोनदा काहीतरी विचारलं, उस्तादने दोनदा खेकसून उत्तर दिलं. साडेबाराला तो खाली उतरला. हात धुवायला नळाकडे जाताना पिंपावर त्याला शिट्टीची वही दिसली. खिशात मावेल एवढी, मळकी. शिट्टी पाठमोरा होता. उस्तादने ती उचलली.

'सोम. १०.५० – उत्तर उशिरा. मंगळ. ११.१० – दोनदा विचारावं लागलं. बुध. – ठीक. गुरु. ११.०५ – वार चुकीचा सांगितला.'

पानामागून पान तेच होतं. उस्तादच्या कानशिलांत रक्त उसळलं.

"कोणाला दाखवणार आहेस हे?"

शिट्टी वळला. वहीकडे पाहिलं, मग उस्तादकडे.

"कोणालाच नाही."

"मग लिहितोस कशाला? मॅडमकडे जायचंय ना? जा की. मी वेडा झालोय म्हणून सांग. मेहुण्याला न्हाऊ-माखू घालून बसव वर."

"उस्ताद, इकडे या. हळू बोला."

"का हळू बोलू?"

"कारण मी हे कोणाला सांगितलेलं नाही." शिट्टीने त्याच्या दंडाला धरून त्याला वाळूच्या ढिगामागे नेलं. "मी शिट्टी फुंकली होती, तो दिवस आठवतो?"

"मिरवत होतास."

"सळयांचा भारा हवेत होता. खाली स्लॅबवर सात माणसं. मी तुम्हाला म्हटलं, डावीकडे घ्या. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि उजवीकडे फिरवलात. मी म्हटलं थांबा. तुम्ही म्हणालात 'हो हो'. चार वेळा हाक मारली. चारही वेळा तेच, झोपेत बोलल्यासारखं. मग मी शिट्टी फुंकली आणि माणसांना हाकललं. म्हटलं, दोर तपासायचाय, चला बाजूला व्हा. दोन मिनिटं भारा तसाच लटकत होता. मग तुम्हीच भानावर आलात आणि नीट टेकवलात."

"खोटं आहे."

"बरं."

"मला आठवणार नाही असं होईल?"

"तुम्हाला काहीच आठवत नाही, म्हणून तर रोज विचारत बसतो. उत्तर बरोबर आलं की माल बांधतो. नाही आलं की म्हणतो साखळी अडकलीय, दहा मिनिटं थांबा. लोक मला शिव्या देतात, की ह्याची साखळी रोज अकरालाच कशी अडकते."

उस्तादच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. कोणी साक्षीदार नाही. कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे आत्ता रचलेली गोष्टही असू शकते. घाबरवलं की म्हातारा आपणहून खुर्ची सोडेल, असा डाव.

शिट्टीने वही परत मागितली आणि खिशात घातली.

"उद्या ते साखर मोजायचं यंत्र घेऊन वर जा," तो म्हणाला. "साखर फार उतरली की माणसाचं असंच होतं म्हणतात. अकराला बोट टोचून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्यावर ठेवा."

दुसऱ्या दिवशी उस्तादने मीटर डब्याबरोबर पिशवीत टाकला. शिट्टीसाठी नव्हे, शिट्टीला तोंडघशी पाडण्यासाठी. आकडा चांगला येईल, तो खाली उतरून सगळ्यांदेखत त्याच्या नाकासमोर धरेल, असं त्याने सकाळी घराचा जिना उतरताना मनात रंगवूनही पाहिलं.

अकराला दहा कमी असताना मान ओली झाली. हूक रिकामा होता. उस्तादने ब्रेक लावला, पट्टी मीटरमध्ये खोचली. सुई दोनदा चुकली. थेंब आला. आकडा उमटला. एकोणपन्नास. सत्तरच्या खाली म्हणजे धोका, एवढं त्याला ठाऊक होतं.

मीटर बिघडलाय, त्याच्या मनात आलं. काल कोणी हात लावला होता का याला? बायकोने? त्याने दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. सेहेचाळीस.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. बघता बघता आकड्याचा अर्थ निसटायला लागला, नुसते चार आणि सहा उरले. समोरच्या गच्चीवरच्या टाक्या त्याने मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. पाच.

"उस्ताद, काँक्रीटची बादली भरलीय. घ्यायची?"

'हो हो', असं ओठांवर आलं. ते आलं म्हणून तो दचकला. हे दोन शब्द त्याने याआधीही असेच, असल्याच जड जिभेने उच्चारले होते. आठवण नव्हती ती, पण जिभेला ते ओळखीचे वाटले.

"नको," तो म्हणाला. "नाही घ्यायची."

"आकडा किती?"

"सेहेचाळीस."

शिट्टीच्या यंत्रातून बादलीजवळच्या सगळ्यांनी ते ऐकलं, आज तिथे आलेल्या मॅडमनीसुद्धा. मग शिट्टी म्हणाला, "मुख्य बटण बंद करा. लाल. दाबलं? आता जागचे हलू नका."

डब्यातले बदाम चावून बघितले, ते तोंडातच फिरत राहिले. साखरेचा कणसुद्धा वर नव्हता. सगळं त्याने स्वतःच वाटून टाकलं होतं. त्याने काचेला कपाळ टेकलं आणि खाली पाहिलं. पिवळं हेल्मेट क्रेनच्या खांबातल्या शिडीवर होतं. एक पायरी. थांबलं. पुन्हा एक पायरी. अकरा वर्षांत शिट्टी कधी वर आला नव्हता. कोणी चेष्टा केली तर म्हणायचा, माझं काम जमिनीवर. हे नुसतं तेवढंच नव्हतं, हे त्या हेल्मेटच्या चालीवरून आज उस्तादला कळलं.

दार उघडलं तेव्हा शिट्टीचे ओठ पांढरे पडले होते आणि तो कुठेही बघत नव्हता, फक्त उस्तादच्या शर्टाच्या बटणाकडे. सदऱ्यातून त्याने संत्र्याच्या रसाची बाटली काढली आणि झाकण दाताने उघडलं.

"प्या. सगळी."

गोडाची चव जिभेवर पसरली तशी उस्तादच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांनी.

"मेहुण्याला पाठवायचंस," तो थोड्या वेळाने म्हणाला. "तरुण आहे. भरभर चढला असता."

"तो कुठे आहे इथे? बंदरावर लागला. दोन आठवडे झाले." शिट्टीने केबिनच्या फरशीवर बसून डोळे मिटून घेतले होते. "तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही हल्ली काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसता."

पंधरा मिनिटांनी मीटरने अठ्ठ्याऐंशी दाखवलं. आणखी पंधरा मिनिटं दोघं बसून राहिले आणि मग प्रश्न आला तो शिट्टीला खाली कसं न्यायचं याचा. चढताना त्याने खाली पाहिलं नव्हतं. उतरताना पाहावंच लागणार होतं.

उस्ताद आधी शिडीवर उतरला. एका पायरीने खाली राहून त्याने शिट्टीचा घोटा हाताने धरला आणि पायरीवर ठेवला.

"डावा. अजून थोडा. हां, टेकला. आता उजवा."

दर टप्प्यावर थांबत ते खाली आले. शिडीच्या पायथ्याशी मॅडम उभ्या होत्या, हातात अपघात-नोंदीचा कागद. मागे काँक्रीटची भरलेली बादली घट्ट होत चालली होती आणि माणसं कामं सोडून बघत होती.

"बसा आधी," मॅडम म्हणाल्या. कोणीतरी खोकं पुढे केलं. "डॉक्टर येताहेत. गोळ्या कुठल्या घेता, ते सगळं त्यांना सांगा. तोवर मला एकच विचारायचंय. हे पहिल्यांदाच झालं?"

शिट्टीने घसा खाकरला. त्याचा हात खिशाकडे गेला होता.

"नाही," उस्ताद म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं. भारा हवेत होता, खाली माणसं होती. मला चांगलं आठवतंय."

"आणि कोणाला बोलला नाहीत?"

"नाही. लपवलं."

"मॅडम, खरं म्हणजे मी..." शिट्टी म्हणाला.

"तू गप्प बस रे," उस्तादने त्याच्याकडे न बघता म्हटलं. "तू खाली होतास. खालून काय कळतं?"

मॅडमनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि उस्तादला त्याचं पूर्ण नाव विचारलं.