गाझो कुणाला म्हणाला?

रेवाझची वाचा गेली त्याला महिना होत आला होता, आणि गेलेल्या वाचेतून एकच शब्द मागे राहिला होता: गाझो.

खाटीक पक्ष्याला रेवाझच्या डोंगराळ गावात गाझो म्हणतात. शिक्रा पकडायचा तर गाझोला काठीच्या टोकाला बांधून जाळ्यामागे फडफडवायचं. त्याच्यावर झडप घालायला शिक्रा उतरला की जाळ्यात अडकलाच. रेवाझ गावातला जुना बाजदार. दर शरदात एक शिक्रा धरायचा, त्याच्याकडून लावे मारून घ्यायचा आणि लाव्यांचा हंगाम सरला की पोटभर खाऊ घालून त्याला सोडून द्यायचा. यंदा शिक्रा सापडला आणि दुसऱ्याच सकाळी रेवाझ अंगणात कोसळला. उजवं अंग लुळं पडलं. इस्पितळवाल्यांनी जमेल ते केलं आणि घरी धाडलं.

त्याच्या बायकोला, नानुलीला मात्र त्या एका शब्दात सगळं मिळालं होतं. हसाल तुम्ही, पण खरं आहे. लग्नाआधी तो जाळं लावायचा त्याच उतारावर ती चहाची पानं खुडायची आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात रेवाझच्या जाळ्यातले शिक्रे निसटायचे. मित्र म्हणाले, "जाळं तुझं, पण अडकलास तूच! ती बघ तुझी गाझो." तेव्हापासून ती त्याची गाझो. लग्नानंतर काही वर्षं ही हाक चालली. मग मुलं झाली, संत्र्यांची झाडं लावली, मुलं मोठी होऊन परदेशी गेली, आणि गाझोची "अगं ए" कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

आता खाटेवरून पुन्हा हाक यायची, "गाझो..." हातातलं मक्याचं पीठ तसंच टाकून ती धावायची. "आले हो, आले." शेजारी बसायची, त्याचा चांगला हात हातात घ्यायची. तो तिच्याकडे बघायचा, मग नजर खिडकीकडे न्यायचा आणि वैतागून डोळे मिटून घ्यायचा. दुखत असेल, असं ती स्वतःला सांगायची. नवरा अंथरुणाला खिळलेला असताना आपल्याला सुख वाटावं याची तिला लाज वाटे, पण वाटायचं ते वाटतच होतं.

एके दिवशी दुपार व्हायच्या आत जुम्बेर आला, रेवाझचा धाकटा भाऊ. रेवाझ पडला त्याच संध्याकाळी त्यानं शिक्रा आपल्या घरी नेला होता. शिक्र्याची आठवण गावात सगळ्यांनाच राहते.

"वहिनी, कॉफी टाका. शिक्रा सोडून आलो." तो खाटेवर वाकला. "दादा, गेला रे तुझा शिक्रा. वर दक्षिणेला निघालेल्या गरुडांची नुसती रीघ लागलीय, त्यांच्या मागोमाग गेला. लावे बरे मारले त्यानं. आळशी मात्र थेट तुझ्यासारखा!"

रेवाझच्या ओठाचा डावा कोपरा हलला. मग नजर खिडकीकडे गेली. "गाझो."

नानुली हात पुसत पुढे झाली. जुम्बेर मात्र खिडकीतून लाकडांच्या खोपटाकडे बघत होता.

"वहिनी, गाझो सोडलात ना?"

"कुठला?"

"कुठला काय? खोपटातला! शिक्रा सापडला की दादा लगेच सोडतो त्याला."

"मी खायला घालते की रोज. किडे, मांसाचे तुकडे... मला वाटलं, पुढच्या वर्षाला लागेल."

"पुढच्या वर्षाला! अहो, त्याचे भाऊबंद केव्हाच दक्षिणेला गेले. थंडी पडली की मेलाच तो. हा माणूस महिनाभर जीव तोडून सांगतोय, आणि तुम्ही करत काय होतात?"

नानुलीनं मनाशीच विचारलं, काय करत होते? हात धरून बसत होते आणि मनातले मांडे खात होते.

"मला वाटलं, पाणी मागताहेत," ती म्हणाली.

"गाझो म्हणजे पाणी! धन्य आहात वहिनी." जुम्बेर हसत सुटला. तिनं त्याला हसू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

तो गेल्यावर ती खोपटात गेली. गाझो दांडीवर अंग फुगवून बसला होता. डोळ्यांवर कातड्याची इवलीशी झापडं होती, त्याला फक्त खालचं दिसावं म्हणून. वर घिरट्या घालणारा शिक्रा दिसला तर भीतीनं तो पंखसुद्धा हलवत नाही. नानुली त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, हा राहिला तर हाक राहील. जुम्बेर उद्या विसरून जाईल. विचारणारं दुसरं कोण आहे? असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली. माणसाला एकच शब्द उरलाय, आणि तोही आपण लाटून बसायचं?

तिनं पाखराला मुठीत धरून खाटेजवळ आणलं. रेवाझचे डोळे एकदम उजळले. महिन्याभरात ती नजर तिला एकदाही मिळाली नव्हती. त्याचा डावा हात उचलला गेला, पक्ष्याच्या पाठीवर टेकला.

"गाझो," तो म्हणाला, पक्ष्याकडे बघून.

"हो, गाझो," नानुली म्हणाली.

कात्रीनं तिनं झापडांचा दोरा कापला. आभाळात अजून गरुड होते, म्हणून दोघं थांबली. दुपारभर पक्षी तिच्या मुठीत आणि रेवाझचं बोट पक्ष्याच्या मानेवर. ऊन उतरलं, आभाळ रिकामं झालं, तशी तिनं खिडकी उघडून मूठ सैल केली. गाझो भुर्रकन कुंपणाच्या काट्यांवर जाऊन बसला, त्यानं शेपूट दोनदा हलवलं, आणि अंधारून येईपर्यंत दिसेनासा झाला. रेवाझनं बघितलं. मोठा सुस्कारा टाकून तो शांत झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चुलीपाशी नानुली मधेच थांबायची, कान द्यायची. घरात काही वाजत नव्हतं. रेवाझ जागाच होता, वरच्या आढ्याकडे बघत, वैताग न करता. तिनं पीठ झाकून ठेवलं, हात धुतले, आणि कुणी बोलावलेलं नसताना खुर्ची खाटेजवळ ओढून बसली.