चाकांवरचे एक्स-रे मशीन

मित्रांनो, देवगाव रंगारीला डॉक्टर प्रेरणाताईंचा छोटासा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांमागे जुनी चादर पांघरून जे उभे आहे, ते एक्स-रे मशीन म्हणजे मी. माणसांची हाडे पाहण्यात माझे आयुष्य गेले. त्यांची तोंडे मात्र मला फारशी पाहायला मिळाली नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आता नीट आठवत नाही. आठवते ते छत्रपती संभाजीनगरातले एक गोदाम. शहरातल्या एका दवाखान्याने मला काढून टाकले होते आणि तिथे धूळ खात मी उभे होते. माणसे येत, नव्या मशीनसमोर थांबत, माझ्याजवळून निघून जात.

एके दिवशी प्रेरणाताई वडिलांबरोबर आल्या. त्या नुकत्याच गावी परतल्या होत्या. त्या भागात कुणाचा हात मोडला, तरी एक्स-रे काढायला लांब जावे लागे. म्हणून दवाखाना थाटण्याआधीच त्या मशीन बघायला निघाल्या होत्या. त्यांचे वडील साहेबराव एका मोठ्या, चकचकीत मशीनसमोर उभे राहिले.

"पोरी, हेच घे. लोकं मशीन बघून दवाखान्यात येतात."

"दादा, त्याला थ्री-फेज वीज लागती. आपल्याकडं दिवा धड लागत नाय. अन् खोली केवढी आपली?"

मग ताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला हलकेच ढकलून पाहिले. इतक्या दिवसांनीही माझी चाके सुरळीत फिरली.

"हे साध्या प्लगवर चालतं, दादा. अन् हे पेशंटकडं जाईल. मांडी मोडलेल्या माणसाला उचलून मशीनकडं न्यायचं, म्हणजे त्याचे किती हाल."

मला गाडीत चढवल्यावर साहेबरावांनीच माझ्यावर ताडपत्री नीट बांधली.

दवाखान्यात माझ्यासाठी जाड भिंतींची खोली बांधली गेली. शिवराज नावाचा तंत्रज्ञ रोज सकाळी मला पुसून घेई. कुणाचे मनगट, कुणाची छाती, कुणाचा घोटा. काम भरपूर होते. पण मित्रांनो, माझ्या कामाची रीतच अशी की ते सुरू व्हायच्या क्षणी सगळे निघून जातात. किरण विनाकारण अंगावर घेऊ नयेत, म्हणून ते बरोबरच आहे. तरी दार लागले की खोलीत एक घाबरलेला जीव आणि मी, एवढेच उरायचो. फोटो निघाला की तोही जायचा. बरा झाल्यावर कुणी मला भेटायला येत नसे.

एकदा पुतळाबाईंना बाजेवर घालून आणले. मेंढ्यांमागे जाताना खडकावरून त्यांचा पाय घसरला होता. मला त्यांच्या बाजेपाशी नेले. शिवराजने सगळ्यांना बाहेर काढले आणि म्हणाला, "मावशी, हलू नका." पण बाईंचे सारे अंग थरथरत होते. पहिला फोटो पार पुसट आला. त्यावरून हाड मोडले आहे की नाही, काहीच कळेना.

"समदे भाईर पळता, अन् मला एकटीलाच ठिवता व्हय?" त्या म्हणाल्या. "म्हंजी ह्यात कायतरी वंगाळ हाय."

प्रेरणाताईंनी खुंटीवरचा, किरण अडवणारा शिशाचा जड कोट अंगात घातला आणि त्या बाजेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मी थांबते इथं. आता भिऊ नका."

"मंग काढा," पुतळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. थरथर थांबली. या वेळी मांडीच्या हाडाची चीर स्वच्छ दिसली. इतक्या वर्षांत माझे काम चालू असताना माझ्याजवळ कुणी थांबले, ते तेवढे एकदाच.

पुढे वीज सुधारली आणि ताईंनी नवे डिजिटल मशीन निवडले. निवड योग्यच होती. त्यात किरण कमी लागतात आणि फोटो लगेच पडद्यावर दिसतो. "हे जुनं अडीनडीला राहू दे," ताई म्हणाल्या. मला मागच्या खोलीत ढकलले गेले. सुरुवातीला शिवराज चादर उचलून मला चालू करून बघे. मग ते राहून जाऊ लागले. पुढे माझ्यासमोर खोकी रचली गेली. भिंतीपलीकडून मला "हलू नका" एवढे ऐकू यायचे. ते आता नव्या मशीनसमोरच्या पेशंटसाठी असायचे.

गेल्या पावसाळ्यात वीज पडून नवे मशीन बंद झाले. दुसऱ्याच दिवशी पुतळाबाईंचे यजमान आप्पा मेंढ्यांसाठी पाला तोडताना कडुलिंबावरून पडले. शिवराजने घाईघाईने खोकी बाजूला केली आणि मला बाहेर ओढले. प्लग लावला. बटण दाबले. माझा दिवा लागला नाही. उंदरांनी माझी केबल कुरतडली होती.

"बाई, ह्यानंच माझा फोटू काढला व्हता ना?" पुतळाबाईंनी विचारले. "मंग आता का व्हईना?"

अंदाजानेच पायाला फळ्या बांधून ताईंनी आप्पांना जीपमधून शहरात पाठवले. खड्ड्याखड्ड्याला आप्पा कण्हत होते, असे शिवराज परत आल्यावर सांगत होता. आप्पा वाचले, चालूही लागले. पण मी चालू असते, तर मोड नीट दिसून पाय इथेच बांधता आला असता; ते कण्हणे मी टाळू शकले असते.

नवे मशीन दुरुस्त करायला आलेल्या इंजिनियरने मलाही तपासले. "केबल बदलता येईल, पण याची किरण सोडणारी नळीच गेली. अधूनमधून चालवलं असतं तर टिकली असती."

"बाजूला ठेवलं, अन् विसरलेच मी," ताई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसले. आता लवकरच मला मोडीत काढतील.

मित्रांनो, नवे जरूर निवडा. पण ज्याला तुम्ही अडीनडीसाठी मागे ठेवता, त्याची मधूनमधून विचारपूस करत जा. फार काही लागत नाही. चादर उचलावी, धूळ झटकावी, चालू करून बघावे. गरजेच्या दिवशी तुम्ही धावत येता, तेव्हा आमच्या मनात खूप असते; अंगात मात्र काही उरलेले नसते.