बाबांचं ‘नाही’

माझ्या भावाने बाबांच्या तोंडात स्वतःचा आवाज कोंबला, तिथून हे सगळं सुरू झालं. तो टॅबलेट पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावायला हवा होता मी.

बाबा कटर. उभा जन्म कपडा बेतण्यात गेला. खाली शिवणाचं दुकान, वर आमचं घर. अर्धांगाचा झटका आला आणि बाबांचं बोलणं गेलं, उजवा हात गेला, अक्षरं गेली. लिहायला दिलं तर नुसत्या रेघा. मान हलायची, पण ती कशालाही हलायची, तिचा काही भरवसा नाही. डोकं मात्र शाबूत. कुणी काही चुकीचं बोललं की डोळे असे वटारायचे की समोरचा गप्प.

दुकान मी चालवत होते. दादा दुसऱ्या गावी, मोठ्या पगाराच्या नोकरीत. आजारपणात दोनदा तोंड दाखवून गेला, तिसऱ्यांदा वहिनीला आणि हा टॅबलेट घेऊन आला. सोबत पेन. पेनाला बटण. ते दाबून धरायचं आणि काचेवर पेन ओढायचं. वर ओढलं की टॅबलेट बोलणार, ‘पाणी हवंय.’ खाली ओढलं की ‘झोपायचंय.’ उजवीकडे ‘हो’, डावीकडे ‘नाही’. गोल काढला की माझ्या फोनवर घंटी. कुठल्या खुणेला काय बोलायचं ते सेटिंगमध्ये जाऊन आपण ठरवायचं.

‘आपण’ म्हणजे कोण, हे त्याने विचारलंच नाही. बसला आणि सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून मोकळा झाला.

“एक ‘दुखतंय’ टाक,” मी म्हटलं.

“पाचच खुणा आहेत. आणि दुखलं तर दिसतंच की चेहऱ्यावर.”

“तुला कुठून दिसणार? तू असतोस कुठे?”

“झाली तोफ सुरू,” तो वहिनीकडे बघून म्हणाला. लहानपणापासून मला तोफच म्हणतो.

बाबांनी मात्र पेन डाव्या हातात घेतलं, शिंप्याचा खडू धरतात तसं आडवं, आणि तासाभरात शिकलेसुद्धा. सगळ्यात आधी काय वापरलं असेल तर ‘नाही’. औषधाला नाही, आंघोळीला नाही, वहिनीच्या सूपला नाही. मला हसू फुटलं. आमचे बाबा परत आले होते, फक्त आवाज त्या शहाण्याचा होता.

जाताना जिन्यात दादाने खरं काय ते सांगितलं. दुकानाला गिऱ्हाईक मिळालंय. बाबांना तो आपल्याकडे नेणार. नोंदणी कार्यालयातले साहेब घरी येऊन बाबांची संमती घेतील.

“आणि मी?”

“तुला कुठेही काम मिळेल. हातात कला आहे तुझ्या.”

कला म्हणे! बारा महिने बाबांचं अंथरूण बदलत, खाली येऊन मशीन मारत दुकान मी जगवलं आणि हा आयत्या बिळावर नागोबा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मला खात्री होती. साहेब विचारणार, “विकायचं का?” आणि बाबा पेन डावीकडे ओढणार. ते दुकान बाबा मेले तरी विकणार नाहीत.

दादा परत आला तो साहेबांच्या भेटीच्या आठवडाभर आधी. “जरा अपडेट करतो,” म्हणून टॅबलेट घेऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून बाबा पेन फेकायला लागले. मी उचलून हातात द्यायची, ते पुन्हा फेकायचे. एकदा तर माझ्या कपाळावर बसलं. “काय हो बाबा, लहान मूल आहात का?” मी ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चिडून उठून गेले.

मग एका दुपारी भात भरवताना विचारलं, “अजून देऊ?” बाबांनी पेन डावीकडे ओढलं. टॅबलेट दादाच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही ठरवाल तसं.”

हातातला चमचा तसाच राहिला माझ्या. मी पेन घेऊन स्वतः ओढून पाहिलं. “तुम्ही ठरवाल तसं.” पुन्हा तेच.

खाली जाऊन दादाला धरलं. “बाबांचं ‘नाही’ कुठे आहे?”

“हळू बोल, गिऱ्हाईकं आहेत.”

“ऐकू देत! चोरी करताना लाज नाही वाटली, आता वाटते होय?”

“औषधं घेत नव्हते ते! दिवसभर नाही, नाही, नाही. आजारी माणसाच्या हातात ‘नाही’ दिलं तर तो जगेल का? आता गपगुमान गोळ्या घेतात.”

“आणि सही-बिहीला पण गपगुमान हो म्हणतील, नाही का?”

 तो कपाटावरच्या धुळीकडे बघत राहिला. चोर तर चोर, वर शिरजोर!

आता मी काय करायला हवं होतं? सरळ ‘नाही’ परत जागेवर ठेवायचं. पण ठेवलं की हा पुन्हा बदलणार. शिवाय मला आयुष्यात एकदा तरी त्या माणसाचं तोंड पडलेलं बघायचं होतं. काट्याने काटा काढायचा म्हटलं. साहेब यायच्या दिवशी सकाळी, बाबा झोपलेले असताना, मी सेटिंग उघडलं. डावीकडे ‘नाही’. आणि उजवीकडेही ‘नाही’. दोन्ही माझ्या आवाजात, खणखणीत. पेन कुठेही घसरो, दुकान वाचलं पाहिजे. बाबांच्या मनातलं तर मला माहीतच होतं.

साहेब आले. बारीक अंगाचे, बूट दाराबाहेर काढून आलेले, घाई नसलेले. दादाने खुर्ची पुढे केली, वहिनीने चहा केला. बाबांना उशांना टेकवून बसवलं. साहेब म्हणाले, “मी आधी साधे प्रश्न विचारतो. ज्यांची उत्तरं मला ठाऊक आहेत असे. आमची पद्धतच आहे ती.”

मी टॅबलेट घ्यायला पुढे झाले, पण साहेबांनी सुरुवातही केली होती.

“आजोबा, हे तुमचे चिरंजीव ना?”

बाबांनी पेन उजवीकडे ओढलं. “नाही,” टॅबलेट माझ्या आवाजात ठणकला.

दादा ताडकन उठला. साहेबांनी हातानेच त्याला बसवलं.

“आणि ही तुमची मुलगी?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पेन उजवीकडे. “नाही.”

“तुम्ही शिंपीकाम करायचात?”

“नाही.” बाबांनी पुन्हा ओढलं, जोर लावून. “नाही.” पुन्हा. “नाही. नाही. नाही.” त्यांच्या घशातून घरघर यायला लागली.

“ही हिची करामत आहे!” दादा ओरडला.

“आणि आधीची कुणाची होती? सांग ना साहेबांना! बाबांचं ‘नाही’ कुणी खाल्लं?”

“तू गप्प बस!”

“तू बस!”

बाबांनी पेन फेकलं. ते साहेबांच्या पायाशी गेलं. साहेबांनी उचललं. मी हात पुढे केला, दादाने पण केला. बाबांनी आम्हा दोघांच्या हातांवरून आपला डावा हात साहेबांपुढे धरला आणि मग बोट टॅबलेटकडे नेलं.

साहेबांनी चष्मा लावला, टॅबलेट मांडीवर घेतला. “तुम्ही दोघं बाहेर थांबा,” म्हणाले. वहिनी आधीच गेली होती.

आम्ही जिन्यात उभे, एकमेकांकडे पाठ करून. आतून साहेबांचा आवाज रेकॉर्ड होताना ऐकू आला. ‘हो.’ ‘नाही.’ सपाट, आमच्यापैकी कुणाचाच नसलेला आवाज. मग बाबांनी दोन्ही खुणा ओढून पाहिल्या असाव्यात, पाच-सहा वेळा, हो, नाही, हो, नाही. मग प्रश्न सुरू झाले. साहेब इतकं हळू विचारत होते की एक शब्द कळेना. उत्तर तेवढं दारातून बाहेर येत होतं.

“नाही.”

“ऐकलंस?” मी वळून म्हटलं. “गेलं तुझं गिऱ्हाईक.”

“नाही.”

“हे पण तुझंच. तुझ्याकडे येत नाहीयेत ते.”

दादाचं तोंड पडलं होतं. मी डोळे भरून बघून घेतलं.

“नाही.”

“अजून एक घे!” मी म्हटलं.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग, “हो.” लगेच पुन्हा, “हो.”

साहेबांनी दार अर्धं उघडलं. दादाकडे बघून म्हणाले, “दुकान विकायचं नाही म्हणतात. तुमच्याकडे राहायलाही यायचं नाही.”

मी पायरी चढून वर गेले. “आणि तिसरं ‘नाही’, साहेब?”

“यापुढे तुमच्या वतीने मुलीने बोललेलं चालेल का, असं विचारलं होतं.”

 दादा हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

“मग ते ‘हो’?” मी विचारलं. “दोनदा म्हणाले, ते कशाला?”

साहेबांना जरा अवघडल्यासारखं झालं. “ती दोघं बाहेर उभी आहेत, आत घेऊ की आणखी थोडा वेळ बाहेरच ठेवू, असं एकदम विचारलं मी. मग लक्षात आलं, याला हो-नाही चालणार नाही. म्हणून नीट विचारलं, बाहेरच ठेवू का?”

“आणि?”

“हो म्हणाले. मी खात्री करायला परत विचारलं.”

त्यांनी दार लावून घेतलं.