लोखंड लांब

कमलाकर मोजणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल दिली, नारळ दिला, आणि मोडीत निघालेली लाकडी फळी त्यांनी स्वतःच मागून घेतली. महाडच्या घरात पलंगाखाली मोजणीची साखळी होती, कपाटावर पितळी दुर्बीण होती, पण जीव होता तो फळीवर. तिवईवर फळी ठेवायची, वर कागद, कोपऱ्यात होकायंत्र. सुई उत्तरेला स्थिरावली की पट्टीला डोळा लावून शेत कागदावर उतरवायचं. "साखळी ओढून ओढून सैल पडते, फळी मात्र डोळ्यांदेखत नकाशा काढते," हे त्यांचं पालुपद त्यांच्या पत्नी कालिंदीबाई पोळ्या लाटता लाटता स्वतःच पुरं करत.

आता त्याच खात्यात त्यांची लेक चैत्राली लागली होती आणि तिच्या हाती नवं यंत्र आलं होतं. बटण दाबलं की किरण समोरच्या आरशावर आपटून परत येई आणि अंतर पडद्यावर उमटे. कमलाकर ते पाहून "छान आहे" म्हणाले, पण पाहुण्याकडचा पांचट चहा लोक ज्या सुरात छान म्हणतात त्या सुरात.

तिची एकटीने केलेली पहिलीच मोजणी अडली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत चांगू आणि कोंडाजी यांच्या शेतांमधला बांध गेल्या पावसात वाहून गेला होता. चैत्रालीने हद्दीची खुंटी ठोकली, ती चांगूला आपल्या शेतात घुसल्यासारखी वाटली.

"तुजी मशीन नवी हाय गो बाय," तो म्हणाला. "ही हद्द सायबांनी फळीवर काढलेली हाय. त्यांनाच आन."

कोंडाजीही त्यालाच राजी झाला. पहिल्याच वाडीने नाही म्हटलं तर पुढची प्रत्येक वाडी हेच म्हणणार, हे बाप-लेकीला पक्कं ठाऊक होतं. तरी खोटं कशाला बोला, कमलाकरांना मनातून गुदगुल्या झाल्या. त्यांनी फळीला खोबरेल तेल चोळलं आणि इस्त्रीचा सदरा काढला.

वाडीत त्यांचं स्वागत जावयासारखं झालं. चांगू तर पानांनी शाकारलेली बांबूची छत्री घेऊन आला. लोखंड जवळ आलं की होकायंत्राची सुई बहकते, म्हणून लोखंडी काड्यांची छत्री मोजणीला चालत नाही. जुन्या काळी चांगूने खास सायबांसाठी अशी छत्री विणली होती. आता ही नवी विणून आणली.

"तुमच्या टकलाला ऊन सोसत नाय," म्हणत तो फळीला खेटून उभा राहिला.

कमलाकरांनी जुन्या नकाशाची नक्कल फळीवर लावली, सुई स्थिरावू दिली आणि पट्टीवरून हद्दीची रेघ पाहिली. ती चैत्रालीच्या खुंटीवर गेलीच नाही. चांगले दोन हात पलीकडे, कोंडाजीच्या शेतात गेली.

"बगा!" चांगू ओरडला. "मी बोललो नव्हतो?"

वाडी हसली. कोणीतरी म्हणालं, बापाची सर पोरीला कशी येणार. कमलाकरांच्या ओठांवर हसू आलं, आणि त्या हसण्याची त्यांना लगेच लाज वाटली. कारण तेवढ्यात त्यांनी चैत्रालीकडे पाहिलं. ती खाली वाकली होती आणि स्वतःची खुंटी उपटत होती. उपटता उपटता तिची नजर एकदाच चांगूच्या कमरेकडे गेली आणि झटकन जमिनीकडे वळली.

कमलाकरांनीही पाहिलं. चांगूच्या कमरेला, लाकडी आकडीत अडकवलेला, फळीपासून वीतभर अंतरावर, कोयता होता. वाडीतला गडी धोतर विसरेल, कोयता नाही.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत चैत्राली त्यांच्याबरोबर मोजणीला येई. सुई मोकळी करण्याआधी "लोखंड लांब!" असं ओरडण्याचं काम तिचं. कोयते, किल्ल्या, सगळं ती दूर ठेवायला लावी. एकदा तर वाडीतल्या साळूबाईची चांदीची जोडवीसुद्धा उतरवून ठेवली होती. आज तिने कोयता पाहिला होता. आणि बापाला चारचौघांत चुकलात म्हणण्यापेक्षा ती आपलं खरं उपटून टाकायला निघाली होती.

कमलाकर ताठ उभे राहिले आणि सगळी वाडी दचकेल असे ओरडले, "लोखंड लांब!"

चांगूचा हात आपोआप कमरेकडे गेला. "आयला, सायेब!"

"चुकलो मी. ओरडायला विसरलो. लांब ठेव तो."

कोयता दूरच्या आंब्याखाली गेला. सुई थरथरली, वळली, थांबली. कमलाकरांनी सगळं नव्याने लावलं आणि पट्टीला डोळा लावला. रेघ चैत्रालीच्या खुंटीच्या भोकातून गेली.

"चांगू, तूच बघ."

चांगूने डोळा लावला, बराच वेळ लावला. मग चैत्रालीच्या हातातली खुंटी घेतली आणि त्याच भोकात स्वतः ठोकली. "आता कल्लं," तो कोंडाजीला म्हणाला. "पोर फळीसारखीच मोजते."

उतरताना चैत्राली हळूच म्हणाली, "बाबा, मी बोलणार नव्हते."

"म्हणून तर मला ओरडावं लागलं," कमलाकर म्हणाले. त्यांनी फळी चांगूच्या खांद्यावर दिली होती. लेकीच्या यंत्राची पेटी मात्र त्यांनी कोणाला उचलू दिली नाही.