फ्रीजमधला बुश

टण्ण.

दुपारची निजानीज झालेली असताना तिनं बर्फासाठी उघडलेल्या फ्रीजच्या कप्प्यातून काहीतरी निसटलं आणि फरशीवर गोल फिरत ओट्याखाली जाऊन थांबलं. तिनं आधी कॉटवरच्या ठकीकडे पाहिलं. लेकीनं नुसती कूस बदलली, तेव्हा कुठे ती वाकली.

पितळेचा बुश होता, आखूड नळीसारखा पोकळ. बोटाच्या पेराएवढा, गारढोण. बुश फ्रीजमध्ये ठेवायचा ही सासऱ्यांची जुनी रीत. रात्रभरात केसभर आकसतो, मग हलक्या टपलीनंही बसतो. पण हा आत्ता बाहेर शेडमधल्या गाडीत, इंजिनाच्या पाठीत असायला हवा होता.

घराला लागूनच सासऱ्यांचं, म्हणजे मिस्त्रींचं, गॅरेज. नवऱ्याला ग्रीसचा वास सोसेना, तो बँकेत चिकटला. पाने उचलले ते सुनेनं. जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवावं ते मिस्त्रींनीच, असं लोक म्हणत. "इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा," शिकवताना ते म्हणायचे. "क्लचप्लेट बाहेरून इंजिनाच्या मापाची हवी आणि आतून गिअरबॉक्सच्या. म्हणजे तुझ्यासारखी, दोन्ही घरं सांभाळणारी." गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या पाठीतल्या भोकात टेकतं. या गाडीत भोक मोठं आणि टोक बारीक, म्हणून लेथवाल्याकडे तीन खेपा घालून हा बुश करून घेतलेला. तो नसला तर टोक अधांतरी. गाडी पळते, नाही असं नाही. पण आठ-पंधरा दिवसांत गिअरबॉक्स रडायला लागतो आणि मग कामातूनच जातो.

सकाळी ती ठकीला शाळेतून आणायला गेली, तेवढ्यात मिस्त्रींनी शेजारच्या वेल्डरला हाताशी धरून गिअरबॉक्स चढवला होता. बेलहाउसिंगचं घंटेसारखं कवच इंजिनाला भिडलं, बोल्ट आवळले. आत काय आहे नि काय नाही, आता कुणाला दिसणार नव्हतं.

गेल्या महिन्यात एका गाडीत त्यांच्याकडून ऑइल भरायचं राहिलं, ते तिनं गुपचूप भरलं होतं. हे गुपचूप होण्यातलं नव्हतं.

शेडमध्ये बर्फवाला येऊन बसला होता. गाडी त्याचीच.

"नेऊ ना, मिस्त्री? चार दिवस भाड्याच्या टेम्पोतून बर्फ नेतोय. निम्मा वाटेतच रडून संपतो."

"ने की. लोण्यासारखा गिअर पडतोय."

"बाबा," ती म्हणाली, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"का गं?"

बर्फवाल्यासमोर त्यांची चूक सांगायला तिची जीभ रेटेना. तिनं मूठ उघडली. "माझं चुकलं. बुश बसवायचा राहिला माझ्याकडून."

मिस्त्रींनी बुशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू तेव्हा शाळेत गेली होतीस," ते म्हणाले. "फ्रीजमध्ये ठेवला मी, विसरलो मी. माझं पाप तुझ्या पदरात कशाला घेतेस?"

बर्फवाल्यानं तो गार बुश चाचपून पाहिला. म्हणाला, "माझी गाडी म्हणून बर्फात घातला होता होय?"

मिस्त्री हसले. "सहाला ये," म्हणाले.

वेल्डरला बोलावून तिनं गिअरबॉक्स उतरवला, क्लच सोडवला. तोवर बुश हातात कोमट झालेला. तो पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दोघं पायरीवर बसून राहिली.

"याआधी किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"माझं राहिलेलं. तू निस्तरलेलं."

"एकदाच. गेल्या महिन्यात, ऑइल भरायचं."

"सूनबाई."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "चारदा."

लेथवाल्यानं माप सांगावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. मान हलवली.

बुश टपलीसरशी बसला. क्लच बांधून तिनं गाडीखालून गिअरबॉक्स वर रेटला, तेव्हा ते स्टुलावर बसून नुसते सांगत होते. "बोल्टनं ओढू नकोस. हातानं बसलं पाहिजे. थोडं फिरव. अजून." शाफ्टचं टोक बुशात शिरलं आणि कवच आपसूक इंजिनाला टेकलं. शेवटचा बोल्ट नेहमी मिस्त्री आवळत. तिनं पाना त्यांच्याकडे सरकवला.

"आवळ तूच," ते म्हणाले.

बर्फवाला आला. एक फेरी मारून खूश झाला.

"पुढे गाडीचं काही निघालं, तर हिला विचारायचं," मिस्त्रींनी त्याला सांगितलं.

"आणि तुम्ही?"

"मी आहेच की. चहाला."

गाडी गेली. मिस्त्री नळाशी बसले. एरवी हात पुसायला त्यांना चिंधी पुरायची. आज त्यांनी साबण मागितला, ब्रश मागितला, आणि एकेक नख घासायला घेतलं. बोटं, पेरं, तळव्याच्या रेघा. पाणी आधी काळं, मग करडं, मग स्वच्छ वाहायला लागलं. तरी ते घासतच होते.

केव्हाची उठून अंगणात खेळणारी ठकी त्यांच्याजवळ गेली. तिनं त्यांचा ओला पंजा दोन्ही हातांत धरून उलटा केला, सुलटा केला.

"आई, बघ ना, आजोबांचे हात कसे झालेत. आता परत काळे कधी होणार?"

ती पाने गोळा करत होती. तिनं त्यांचा पाना पुसून वेगळा ठेवला.