मेलेल्या सागाचं वजन

"ताई, या सागले झोयी नका बांधा," भागाबाई म्हणाली. बाळ नुसतं शिंकलं तरी तीन डॉक्टर आठवणारी विशाखा हे ऐकून मात्र हसली. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलेल्या बाईला झाडावरच्या भुताची भीती कोण घालणार?

यंदाचा, त्र्याण्णवचा चैत्र होता. जळगावच्या कॉलेजात शिकवणारा तिचा नवरा अभिमन शिरपूरच्या वरच्या अभयारण्यात झाडं मोजत होता. झाड हवेतला कार्बन लाकडात साठवतं. जंगलाचं वावर झालं की त्यातला किती उडून जातो, हे त्याला काढायचं होतं. रांगती मैत्री काखेत घेऊन विशाखाही रेस्टहाउसवर आली, कारण नवरा एकटा राहिला तर काहीही खातो. नाल्यापलीकडच्या झोपडीतली भागाबाई मुलीला सांभाळायला येई.

तर झोळी. विशाखानं नाल्याकाठच्या त्या सागाची फांदी ओढली, हलवली, आणि तरीही समाधान होईना म्हणून नखानं खरवडली. सालीखाली हिरवं हवं होतं. निघालं बिस्किटासारखं कोरडं. ती बुंध्याकडे वाकली. गुडघ्याइतक्या उंचीवर शेणामातीचा लेप, बाळंतिणीच्या पोटाला बांधलेल्या पट्ट्यासारखा सुबक. तो उकरला, तर आत सबंध बुंध्याभोवती साल सोललेली. शेजारच्या झाडालाही तेच. नाला ओलांडून पाहिलं, तर भागाबाईच्या नांगरलेल्या वावरात उभ्या सगळ्या सागांना तेच.

"अक्का, हे काय?"

भागाबाईनं मैत्रीचं नाक पुसायला घेतलं. "मना पोरनी करं. सावलीमा कपाशी येत नही ना."

"म्हणजे झाडं मेली!"

"उभी शेतस ना? गार्डले कुऱ्हाडना आवाज येस. सालना येत नही."

संध्याकाळी अभिमन टेप गुंडाळत आला. चैत्रात सगळेच साग निष्पर्ण. जिवंत आणि मेलेले सारखेच उघडेबोडके. त्यानं सगळे जिवंत धरले होते, आणि वावराला 'विरळ जंगल' म्हटलं होतं.

"अहो, तुम्ही मढी मोजताय."

"अगं, टेप छातीच्या उंचीवर लावतात. गुडघ्याकडे कोण बघतं?"

"रांगत्या मुलीची आई."

पण विशाखा नाल्यापलीकडे बघत होती. त्यातला सगळ्यात उंच साग भागाबाईच्या झोपडीवर झुकला होता. वैशाखातली एक वावटळ पुरे.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचे साहेब आले. ते जीपमधून सहसा उतरत नसत.

"मेलेली? उभी आहेत ना?" साहेब म्हणाले. "मग मोजा. पडल्यावर वजा करू."

आयुष्यात पहिल्यांदाच अभिमन 'हो सर' म्हणाला नाही. त्यानं मेलेले साग वजा केले, नांगरटीनं मातीतून उडालेला कार्बनही वजा केला.

"सर, तुम्ही जंगल मोजायला आलात की आमची इज्जत?" साहेबांनी विचारलं, आणि जीप निघाली.

झुकलेला साग कोण पाडणार? त्याला परवानगी, परवानगीला पाहणी, आणि पाहणीत अभयारण्यातलं हे चोरटं वावर उघडं पडणार. विशाखा भागाबाईकडे गेली.

"अक्का, झोपडी हलवा."

"चूल हालनी का जमीन गई. पेटती चूल हाईच आमना सातबारा."

"मग निजायला तरी बाहेर या."

"बाहेर साप शेतस."

"साप परवडला!"

"तुमले परवडस," भागाबाई म्हणाली. "तुमी ते जयगावले निघनात."

ते खरंच निघाले. आता इकडे पंख्याखाली पाळणा हलवताना जरा वारा सुटला, की विशाखा खिडकीपाशी जाते. अभिमन म्हणतो, अगं, शिरपूर कुठे, आपण कुठे. वाऱ्याला हे कुणी सांगायचं?

तिला मैत्रीच्या दातांपायी हलता येत नाही. तुमच्यापैकी कुणाचं त्या बाजूला जाणं झालं, तर नाला ओलांडून भागाबाईकडे डोकावा. ती शिव्या घालेल, घालू द्या. खाट कुठे टाकते तेवढं बघा. सागाच्या बाजूला असली तर तिच्यासकट ओढून पलीकडे घ्या. आणि ती बरी आहे का, ते कळवा.