टाकी न लागलेला पाटा

मित्रांनो, रंगानं काळा, एका कोपऱ्यावर थोडा उडालेला आणि वयानं घरातल्या सगळ्यांहून मोठा असा मी एक पाटा. मिरजगावच्या शिवारात छबूबाईंचं घर आहे, त्याच्या मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला टेकून मी असतो. दगडाला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मला वाटलेली लाज मी अजून विसरलो नाही.

माझा जन्म खाणीतला. एका वडारानं मला फोडलं, तासलं आणि छिन्नी-हातोडीनं माझ्या अंगभर बारीक खाचा पाडल्या. याला टाकी लावणं म्हणतात. त्या खाचा म्हणजे माझे दात. वाटून वाटून दात झिजले की मी गुळगुळीत होतो, माझ्यावर मिरची नुसती घसरते. मग परत टाकी लावावी लागते. पूर्वी "टाकी लावायची का टाकीऽऽ" असं ओरडत बाया दारावर यायच्या. आता त्या येत नाहीत आणि त्यांना कुणी हाकही मारत नाही.

छबूबाई या घरात सून म्हणून आल्या आणि माझे दिवस पालटले. काय हात होता! खोबरं, खसखस, लसूण, माझ्यावर आलं की लोणी होऊन उतरायचं. जीभ मात्र वाटणाहून तिखट. दुसऱ्या कुणी वाटलं की बोटानं चाचपून म्हणायच्या, "हे वाटण हाय का मुरूम?" त्यांच्या कालवणाचं नाव झालं आणि त्या नावात माझाही वाटा होता. तेव्हा मी फार फुगलो होतो, हे कबूल करतो.

त्यांचा धाकटा राधाकृष्ण नोकरीसाठी कॅनडाला गेला. तिथं त्याला मुलगी झाली. पाचव्या दिवशी छबूबाईंनी इथं मला धुऊन, हळद-कुंकू लावून पाचवी पुजली. बारशाला तर बाळच नव्हतं. मग माझ्या वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवलं आणि त्याच्याच कानात नाव सांगितलं, दिशा. शेजारची भीमा हसली तर तिला म्हणाल्या, "हसतीस काय भीमे? तिकडं समदा बर्फ. पोरीचं नाव बर्फात ठेवू व्हय?"

पुढं दिशा कधी दिवाळीला यायची, पण एरवी फोनमध्येच दिसायची. शाळेत जायच्या आधीच ती लोकरीच्या टोप्यांच्या जाहिरातीत उभी राहिली. मग मुलांच्या एका मालिकेत तिला काम मिळालं, नायिकेच्या मैत्रिणीचं. एका भागात दोन वाक्यं, दुसऱ्या भागात एकही नाही. छबूबाई ते माझ्यापाशी बसून बघायच्या आणि तिकडच्या लोकांना शिव्या घालायच्या. "माझ्या नातीला मागं उभी करत्यात. त्या पुढच्या पांढऱ्या पोरीला तोंडातलं बोलता तरी येतंय का?" दिशा मोठी झाली. दुकानदाराची मुलगी, डॉक्टरची मुलगी, दवाखान्यातली नर्स, अशी बारकी बारकी कामं करत राहिली. ऑडिशनला जायची आणि नकार घेऊन यायची. फोनवर रडायची नाही, पण नाक लाल दिसायचं.

आणि याच काळात, मित्रांनो, आमच्या घरात मिक्सर आला.

छबूबाईंचे गुडघे वाकेनात, त्यांनी तरी काय करावं? मिक्सर घेतला यात पाप नव्हतं. पण तो लपवला. कुणी आलं की त्याच्यावर टॉवेल पडायचा. मिक्सर लावायचा तेव्हा टीव्ही मोठा व्हायचा. आणि जगाला सांगणं तेच, "आमच्यात मिक्सरचं चालत न्हाई. पाट्याबिगर कालवणाला चवच न्हाई." मी न्हाणीपाशी तसाच. माझ्यावर साबणाची वडी, घासणी आणि कधी कधी बसलेली कोंबडी. मला शेवटची टाकी कधी लागली होती, ते मलाही आठवेना.

तेवढ्यात दिशाला एका सिनेमात पहिली मोठी भूमिका मिळाली. इकडच्या खेड्यातली एक मुलगी तिकडं जाते, अशी गोष्ट. ऑडिशनच्या वेळी तिनं सांगितलं, "माझी आजी अजून पाट्यावर वाटते. मला तिनंच शिकवलंय." तिच्या परीनं ते खोटं नव्हतं. छबूबाई रिकाम्या पाट्यावर वरवंटा फिरवून फोनमधून दाखवायच्या आणि ती पोर तिकडं लाकडी फळीवर लाटणं फिरवून गिरवायची. दिग्दर्शक बाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी ठरवलं, गावाकडचा भाग छबूबाईंच्याच अंगणात करायचा.

झालं! मला घासून पुसून अंगणाच्या मधोमध मांडलं. कुंपणाच्या भिंतीवर अख्खी वस्ती बसली. दिशा लुगडं नेसून, एक गुडघा उभा करून माझ्यापुढं बसली. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "चेहरा आणि हात एकदमच दिसले पाहिजेत. ही मुलगी हे रोज करते, असं वाटलं पाहिजे."

तिनं मिरच्या, लसूण, मीठ ठेवलं आणि वरवंटा ओढला. मिरच्या सरकल्या. पुन्हा ओढला. लसूण टुणकन उडून कॅमेऱ्याखाली गेला. भिंतीवर हशा पिकला.

"कॅनडाची हाय ती! तिला ब्रेडला लोणी लावायला सांगा!"

पोर घामाघूम झाली. परत, परत आणि परत. तळवे लाल झाले, डोळ्यांत तिखट गेलं, पण मिरची काही फुटेना. तिला वाटत होतं, आपलंच चुकतंय. आणि मी तिच्या हाताखाली नुसता पडून होतो, गुळगुळीत. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

छबूबाईंना कळलं नसेल? पहिल्याच ओढीला कळलं. दगडावरचा तो सुळसुळ आवाज त्यांनी ओळखला. एक शब्द बोलल्या असत्या तर पोर सुटली असती. पण भिंतीवर वस्ती बसली होती, भीमा सगळ्यांच्या पुढं. छबूबाई पोरीवरच कडाडल्या, "मनगटात जोर हाय का न्हाई तुझ्या? एवढं शिकवलं ते पान्यात गेलं! नाक कापलंस माझं!"

दिशानं वर पाहिलं. मान खाली घालून वरवंटा ओढत राहिली आणि टपटप पाणी माझ्यावर पडलं. कॅमेरा चालूच होता.

दिग्दर्शक बाईंनी थांबवलं. हळूच म्हणाल्या, "दिशा, तू सांगितलंस म्हणून मी सगळ्यांशी भांडून तुला घेतलं. आज हात भीमाबाईंचे घेते. पण ही भूमिका तुला पेलेल का, याचा मला रात्री विचार करावा लागेल."

"चालेल," दिशा म्हणाली. "माझीच चूक आहे."

भीमा पदर खोचत भिंतीवरून उतरली. छबूबाई आत गेल्या. मला वाटलं, तोंड लपवायला गेल्या. आणि बाहेर आल्या तर काखेत मिक्सर! वायर मागं धुळीत फरफटत होती. तो त्यांनी माझ्यावर दाणकन ठेवला.

"पोरीच्या हाताला नावं ठेवू नगा. पाट्याला कैक वर्षांत टाकी न्हाई. मी ह्याच्यात वाटते."

भीमा जागीच थबकली, "अगं छबूवहिनी, मग ती रोजची घरघर? तू तर म्हनायचीस टीव्हीत इमान चाललंय!"

"व्हय, म्हनायची. आता हस."

भीमा हसली, सगळी वस्ती हसली. छबूबाई उभ्या राहून ते हसणं ऐकत राहिल्या. मग हातोडी आणि छिन्नी मागवली, मांडी घालून बसल्या आणि मला टाकी लावू लागल्या. दोनदा बोट ठेचलं. खाचा वाकड्यातिकड्या आल्या. दिशानं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईंनी मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले, त्याबरोबर माझ्यातली दगडाची कच निघून गेली. मग दिशा बसली. मिरची माझ्या दातांत अडकली, फुटली, वाटली गेली. भिंतीवरून भीमाच म्हणाली, "आत्ता कसं!" दिशाची भूमिका राहिली.

सिनेमा तयार झाल्यावर राधाकृष्णानं तो पाठवला. वस्तीतली माणसं आमच्या अंगणात जमली. वाटण्याचा प्रसंग आला. हात दुसऱ्या दिवसाचे होते, झरझर चाललेले. पण चेहरा? तो पहिल्या दिवसाचा होता. आजी कडाडल्यावर वर पाहणारा, मग खाली गेलेला. दिग्दर्शक बाईंनी तोच ठेवला होता.

"काय काम केलंय पोरीनं!" भीमाचे डोळे भरून आले. "काळजाला हात घातला की गं!"

माणसं टाळ्या वाजवत होती. छबूबाई तेवढ्या उठून माझ्यापाशी येऊन बसल्या. फोन वाजला. दिशा होती.

"आजी, पाहिलंस?"

"पाह्यलं. लई चांगलं केलंस."

"इथं सगळे मला विचारतात, असं रडायला कुठं शिकलीस?"

छबूबाईंनी फोन कानाला घट्ट धरला. "मग? काय सांगितलंस?"

"घरी, असं सांगितलं."

दिशाच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते छबूबाईंना जास्त लागलं. त्या माझ्या वाकड्या खाचांवरून अंगठा फिरवत बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात पडला असेल तर त्याला वापरा किंवा वापरू नका, पण त्याच्या नावानं मिरवू नका. आणि एखाद्या लेकराच्या हातून काही होईना, तर त्याच्यावर ओरडण्याआधी वाका आणि आपण त्याच्यापुढं काय मांडलंय, त्यावरून एकदा आपला तळहात फिरवून बघा.